डावीकडचं लिंबू

आमच्या घरात टकीला मागच्या दाराने आली नाही. ती चांगली पुढच्या दाराने, पेढ्यांच्या पुड्याबरोबर आली. ह्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला मुलगा पुण्याहून आला होता. लोकांनी शाल-नारळ दिले, ह्याने बापाच्या हातात एक बुटकी बाटली ठेवली आणि म्हणाला, "बाबा, ही गटागटा प्यायची नसते. एकेक घोट तोंडात घोळवायचा. फार महाग नाही, पण चांगली आहे." मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. तिकडून काही हरकत आली नाही, म्हणून मीही गप्प बसले.

ह्यांची सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. गेवराईच्या गोदाकाठापासून धारूरच्या घाटापर्यंत कुणाचा बांध कुठे संपतो, हे ह्यांनी उन्हात उभं राहून ठरवलं. ह्यांनी खूण रोवली की दोन्हीकडचे लोक शिव्या द्यायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा ह्यांनाच बोलवा म्हणायचे. असा माणूस निवृत्त झाला की पहिले आठ दिवस फोन वाजतो, मग वाजत नाही. दुसऱ्या महिन्यात हे घरातल्या खोल्या मोजू लागले. स्वयंपाकघर नकाशापेक्षा चार बोटं लहान भरलं आणि त्याचा जाब मला विचारण्यात आला. तेव्हा मीच म्हटलं, त्या बाटलीचं काय ते करा एकदा.

बाटली उघडण्याआधी ह्यांनी तिची कागदपत्रं तपासली. भिंग लावून मागची चिठ्ठी वाचली. शंभर टक्के अगेव, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. अगेव म्हणजे काय ते मोबाइलवर काढलं आणि मोठ्या कौतुकाने चित्र माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, "अहो, हे तर केकताड!"

माझं माहेर धारूरजवळचं. तिकडे डोंगरउतारावर बांधाबांधाला केकताड. लांब, जाड, टोकाला काटा असलेली पानं. माझे वडील ती पानं तोडून डबक्यात भिजत घालायचे, कुजली की बडवून वाख काढायचे आणि पोळ्याआधी बैलांचे कासरे वळायचे. त्या डबक्याला असा वास सुटायचा की त्या दिवसांत आमच्याकडे पाहुणा फिरकत नसे. आता तेच केकताड सात समुद्र ओलांडून, बूच लावून, माझ्या नवऱ्याच्या मांडीवर बसलं होतं. ह्यांना माझं बोलणं लागलं. म्हणाले, "हे वेगळं. निळं असतं. पानाचं नाही, गड्ड्याचं करतात." मी म्हटलं, निळं असो की हिरवं, भाऊबंदच ते.

माझा धाकटा भाऊ त्या दिवशी आलेलाच होता. तो धारूरकडे शेती करतो, शेळ्या पाळतो आणि रविवारी बीडला काही ना काही काम काढून माझ्याकडे येतो. त्याने चित्र पाहिलं आणि म्हणाला, "दाजी, ह्याला आमची शेळी बी तोंड लावत न्हाई."

हा भाऊ म्हणजे एक वेगळंच प्रकरण आहे. त्याला खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही, घरातल्या एखाद्या दुखण्यासारखं सांगते. एकदा त्याने बैल विकायला बाजारात नेला. गिऱ्हाईक आलं, सौदा ठरला, हातावर रुमाल टाकून बोटं दाबून झाली, आणि हा म्हणतो कसा, "पाव्हणं, एक सांगायचं राहिलं, मागून जवळ जाऊ नका, लाथ मारतोय." तो बैल पुढे आमच्या माहेरीच म्हातारा झाला. माझ्या लग्नात ह्यांनी शिवून घेतलेला कोट कसा आहे असं ह्यालाच विचारलं होतं. तेव्हा हा बारा वर्षांचा होता. त्याने सांगितलं. तो कोट ह्यांनी पुन्हा अंगाला लावला नाही.

तर बाटली उघडली, ह्यांना आवडली, आणि महिन्याभरात आमच्या गच्चीवर दर रविवारी बैठक बसू लागली. बैठक म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे जे येतं तसलं काही नाही. ह्यांचे नियम मोजणीचे. काम उजेडात करायचं, म्हणजे पाचला सुरू, दिवेलागणीला बंद. प्रत्येकाचा पिण्याचा परवाना रीतसर काढलेला. बाटली चांगल्या बुटांच्या जोडापेक्षा महाग नको. एका पेल्यात दोन चमचे, तेही औषधाच्या मापाने, आणि त्यातलं निम्मं शेवटपर्यंत राखून ठेवायचं, फेरमोजणीसाठी. गच्चीवर मीठ आणि लिंबू आणायला सक्त मनाई, कारण मीठ-लिंबानं वाईट बाटलीही चांगली म्हणून खपून जाते.

आणि टकीला पांढरीच. लाकडी पिंपात मुरवलेली सोनेरीही मिळते म्हणे, पण ती ह्यांच्या मित्राने, म्हणजे वकिलांनी, पहिल्याच रविवारी बाद केली. "साहेब, पिंपात ठेवलेली म्हणजे पढवलेला साक्षीदार. आपल्याला कोरा पाहिजे."

हे वकील बीडच्या कोर्टात बांधांच्या भांडणांवर मोठे झाले. बाहेर मित्र, आत वैरी. ह्यांना त्यांनी पिंजऱ्यात उभं करून किती वेळा उलटं-सुलटं विचारलं असेल, पण हे एकदाही डगमगले नाहीत, ही गोष्ट वकिलांच्या मनात सलत असे. बैठकीला तिसरे एक पुढारी असत, गेवराईकडचे. मोठी जमीन, मोठी गाडी, आणि कुठल्याही विषयावर शेवटी जो बोलेल त्याचं मत तेच त्यांचं मत. म्हणूनच ते इतकी वर्षं निवडून येत असावेत.

ह्यांनी वही केली. जमिनीच्या कागदावर चतुःसीमा लिहितात, म्हणजे चार दिशांना काय लागून आहे ते. ह्यांना दुसरी भाषाच येत नव्हती, म्हणून टकीलाही तशीच लिहिली. बुटक्या बाटलीपुढे लिहिलं होतं, 'पूर्वेस लिंबू. दक्षिणेस हिरवी मिरी. पश्चिमेस ओली माती. उत्तरेस काही नाही, पडीक.' पुढाऱ्यांनी आणलेली एक लांब मानेची बाटली होती, तिच्यापुढे लिहिलं होतं, 'चारी बाजूंस गोड. मूळ मालक आढळून आला नाही.'

त्या लांब मानेचं गुपित वकिलांनी शोधून काढलं. जिच्यावर शंभर टक्के लिहिलेलं नसतं, तिच्यात केकताडाबरोबर दुसरी साखर घालायला तिकडच्या कायद्याने मोकळीक आहे, आणि ती बहुतेक उसाची असते. मला इतकं हसू आलं. आमच्या जिल्ह्यातून निम्मी गावं कोयते घेऊन ऊस तोडायला बाहेर जातात, आणि तिकडून ऊस बाटलीत बसून, परदेशी नाव लावून, आमच्या गच्चीवर पाहुणा म्हणून येतो.

पण मला ते वकिलांच्या आधीच कळलं होतं. मी एक थेंब तोंडात घातला नव्हता. मी फक्त पेले विसळत होते. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, त्याचा वासही घ्यायचा नसतो. चाळीस वर्षं मी पुरणाच्या आमटीत मीठ बरोबर पडलं की नाही हे न चाखता ठरवलं. वास मी घेतला नाही, पण वाफ आपणहून नाकात शिरली तर त्याला मी काय करणार आणि देव तरी काय करणार? असं नाक तयार झालं की ते पेल्यासमोर गप्प बसत नाही. लांब मानेचा पेला विसळताना मला गुऱ्हाळाचा वास येई, कढईत काकवी उतू जायला आल्यावर येतो तो. बुटकीच्या पेल्याला लिंबाची साल. वर गच्चीवर तासभर खल करून जे वहीत उतरे, ते मोरीपाशी मला आधीच ठाऊक असे. मी कुणाला बोलले नाही. विचारलंच नाही कुणी.

मग गेल्या थंडीत ह्यांना ताप आला. साधी सर्दी, आठ दिवस अंथरूण, मग बरे झाले. आणि एक दिवस मी दूध गॅसवर ठेवून शेजारी गेले. परत आले तर फाटकापासून करपल्याचा वास. धावत आत गेले. पातेलं काळं ठिक्कर, स्वयंपाकघरात धूर, आणि शेजारच्या खोलीत, उघड्या दारापाशी, हे निवांत पेपर वाचत बसलेले. मला म्हणाले, "आलीस? चहा टाक."

मी चहा टाकला. आलं घातलं नाही. ह्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, "वा, आलं छान उतरलंय."

मी स्वयंपाकघरात जाऊन ते काळं पातेलं घासायला घेतलं. पुढे चार दिवसांनी धुण्याच्या आधी शर्टाचा खिसा तपासला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा कागद निघाला. म्हणजे ह्यांना माहीत होतं, आणि एकटेच जाऊन दाखवून आले होते. कागद घडी घालून मी परत त्याच खिशात ठेवला आणि शर्ट न धुता खुंटीला लावला. हे बोलले नाहीत, मीही बोलले नाही. आमच्या घरात दोन माणसं आणि दोघांचं एकच गुपित, अशी स्थिती झाली.

मी का बोलले नाही ते सांगते. ह्यांना बोलावणारं आता कुणी उरलं नव्हतं. सगळ्या आठवड्यात रविवारचा एक तास असा होता की दोन माणसं पेला हातात धरून ह्यांच्या तोंडाकडे बघत, आणि हे सांगतील ते ठरे. बाकी सहा दिवस हे त्या तासावर जगत होते. वास गेला हे एकदा उघड झालं असतं तर वकील हळहळले असते, पुढारीही हळहळले असते, आणि ती हळहळ ह्यांना सोसली नसती. शिव्या खाऊन खूण रोवणारा माणूस आहे हा, कीव त्याला पचत नाही.

ह्यांनी रविवार बंद केला नाही. पेला तसाच नाकाशी नेत, डोळे मिटत, जुन्या वहीतलं आठवून सांगत. बाटली समोर दिसत होती तोवर निभावलं. पण वकील ते वकील. एका रविवारी पायऱ्या उतरताना त्यांनी काढलंच. "साहेब, पुढच्या वेळी बाटल्या खाली ठेवू. आंधळी मोजणी होऊन जाऊ द्या. तीन पेले, कोणता कुठल्या बाटलीचा ते ओळखायचं. वहिनी ओततील आणि चिठ्ठी लिहून माझ्याकडे देतील. त्यांना त्यातलं काही कळत नाही, म्हणजे पंच एकदम निःपक्ष. फक्त त्यांनी वर यायचं नाही. चेहऱ्यावरनं कळतं माणसाला. कबूल?"

"कबूल," हे म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तो आठवडा हे जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. पान वाढलं की बोटं फिरवून उठत. शनिवारी दुपारी मी पाहिलं, हे स्वयंपाकघरात हिंगाची डबी उघडून नाकाला लावून उभे होते. मला बघून म्हणाले, "मुंग्या झाल्यात का बघत होतो." मी म्हटलं, "हिंगाला मुंग्या लागत नाहीत." दोघंही तिथून बाजूला झालो.

रविवारी पाच वाजता तिघे वर जाऊन बसले. मी खाली तीन बाटल्या मांडल्या. बुटकी, पुढाऱ्यांची लांब मानेची, आणि वकिलांनी नवी आणलेली एक चौकोनी. तिचं बूच काढल्यावर उकडलेल्या रताळ्यासारखा मवाळ वास आला. तिन्ही पाण्यासारख्या पांढऱ्या. तीन माणसांचे मिळून नऊ पेले. ते कशात न्यायचे म्हणून मी तीन जेवणाची ताटं काढली, आणि ताटांकडे बघता बघता मला ते सुचलं.

आपल्याकडे ताट वाढायची रीत ठरलेली. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी. मधे भात. उजवीकडे भाजी, आमटी आणि गोड. ह्या बाबतीत आमच्या ह्यांच्याइतका कडक माणूस मी पाहिला नाही. एका लग्नात लिंबाची फोड उजवीकडे आली तर ह्यांनी वाढप्याला ताट परत न्यायला लावलं होतं, अतिक्रमण झालं म्हणून. मी प्रत्येक ताटात लिंबाच्या जागी बुटकीचा पेला ठेवला. मधे, भाताच्या जागी, ती मवाळ चौकोनी. उजवीकडे, गोडाच्या जागी, उसाची लांब मानेची. ह्यांना कळणार नाही असं होणंच शक्य नव्हतं. चिठ्ठीवरही तसंच लिहिलं, डावीकडून उजवीकडे. ती घडी घालून भावाकडे दिली, वकिलांना द्यायला.

माझा गुडघा धरलेला आणि वर जायची बंदी, म्हणून ताटंही भावानेच न्यायची होती. तो म्हणाला, "आक्का, कोन्तं ताट कुनाला?"

"सगळी सारखीच आहेत," मी म्हटलं. "कुणाचंही कुणाला दे."

हे वाक्य मला जन्मभर पुरेल. कारण बाईमाणसाला जे सांगावं लागत नाही ते मी त्याला सांगितलं नाही. ताट मांडताना आपण जेवणाऱ्याच्या बाजूने मांडतो, समोर बसला असेल तर हातातल्या हातात फिरवतो. माझ्या भावाने जन्मात कधी ताट वाढलं नव्हतं. वकील आणि पुढारी पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसले होते आणि हे त्यांच्या समोर एकटे. भाऊ वकिलांच्या बाजूला उभा राहिला आणि वाकून तिन्ही ताटं एकाच दिशेने ठेवून मोकळा झाला. वकिलांचं बरोबर, पुढाऱ्यांचं बरोबर. ह्यांचं पूर्ण उलटं.

गुडघ्याला न जुमानता मी जिना चढून दाराच्या फटीशी आले होते. मला ते दिसलं. ह्यांच्या डावीकडे ऊस होता. ओरडायची सोय नव्हती.

वकिलांनी आधी चाखलं, बराच वेळ तोंड वेडंवाकडं केलं आणि मधली बुटकी असं सांगून टाकलं. पुढारी म्हणाले, "वकीलसायेब म्हनत्यात तसंच हाय, मला बी तेच लागलं." मग दोघे ह्यांच्याकडे वळले.

हे ताटाकडे बघत होते. बघता बघता त्यांची नजर एकदम थांबली. मग त्यांनी मान वर केली आणि सरळ जिन्याच्या दाराकडे पाहिलं. मी फटीत होते, मी त्यांना दिसले की नाही ते मला माहीत नाही. पण त्या क्षणी मला माहीत असल्याचं त्यांना कळलं. त्यांनी डावीकडचा पेला उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले, एक घोट घेतला. मग मधला. मग उजवीकडचा. कोर्टात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "डावीकडची बुटकी, पूर्वेस लिंबू आहे. मधली तुमची नवी. उजवीकडची लांब मानेची, तिच्यात ऊस आहे."

वकिलांनी चिठ्ठी उघडली. डावीकडची बुटकी. मधली चौकोनी. उजवीकडची लांब मानेची. सगळं जिथल्या तिथे. ह्यांच्या स्वतःच्या पेल्यात काय आहे ते कुणी तपासायलाच गेलं नाही. कागदाशी कागद जुळला होता आणि आपल्याकडे तेवढं जुळलं की प्रकरण संपतं.

"हरलो, साहेब," वकील म्हणाले. हे शब्द ऐकायला ह्यांना इतकी वर्षं लागली. मग वकिलांनी आपला डावीकडचा पेला पुन्हा चाखला आणि म्हणाले, "हां! आता लागतंय लिंबू. आधी का बरं लागलं नाही?" पुढारी म्हणाले, "लागतंय की! साफ लागतंय!"

दिवेलागणीला दोघे उठले. हे त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले. चालही बदलली होती. मी गच्चीवर आले. भाऊ ह्यांच्या ताटापाशी उकिडवा बसून पेले गोळा करत होता. राखून ठेवलेला निम्मा घोट तिन्ही पेल्यांत होता. डावीकडचा पेला उचलताना त्याचा हात थांबला. केकताडाच्या डबक्याशेजारी वाढलेलं नाक ते. त्याने पेला हुंगला, मग उजवीकडचा हुंगला, आणि म्हणाला, "आक्का, ह्ये उलटं झालंय. डावीकडं ऊस हाय. मंग दाजी लिंबू कावून म्हनले?"

मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तापापासून वास येत नाही. मला माहीत आहे हे त्यांना आजवर माहीत नव्हतं.

तो खालीच बसला. "मला कावून सांगितलं न्हाई?"

"तुला सांगितलं असतं तर तू पहिल्याच रविवारी त्यांच्यासमोर विचारलं असतंस, दाजी, वास येतोय का म्हणून."

त्याने जरा विचार केला. "इचारलं असतं," म्हणाला.

तेवढ्यात हे वर आले. भावाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "लिंबाच्या जागी ठेवलंस."

"हो."

"कधीपासून माहीत आहे?"

"दूध करपलं त्या दिवसापासून."

ते कठड्याला टेकून बसले. मला वाटलं, आता रागावतील, नाहीतर अजिबात बोलणार नाहीत. पण ह्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी ते मुलाच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं. अगदी हळू, भीत भीत म्हणाले, "तुला एक सांगू? खूण तुझी पाहिली ते खरं. पण पेला नाकाशी नेला ना, तेव्हा मला वास आला. डावीकडच्याला. पुसट, पण लिंबाचा. डॉक्टर म्हणालेच होते, परत आला तर असाच येईल, एकेक करून." मग म्हणाले, "खूण तुझी होती, पण वास माझा होता."

मला रडूच कोसळायचं, पण मी पदराने पेला पुसायचं निमित्त केलं.

"चाखून बघ," ते म्हणाले. "तू खोटं कौतुक करत नाहीस. आहे ना लिंबू?" आणि त्यांनी डावीकडचा पेला माझ्यापुढे धरला.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा टकीला प्यायले. जीभ पोळली. मग घशातून वर नाकापर्यंत गुऱ्हाळ आलं, कढई, काकवी, चुलवणातलं जळतं पाचट, सगळं. लिंबाचा मागमूस नव्हता. नैवेद्याच्या आमटीत मीठ कमी असलं तर मी देवापुढेही तसं म्हणून दाखवलेलं आहे. मी म्हटलं, "आहे."

"नक्की?"

"डावीकडे दुसरं काय असणार?"

ते हसले, पण तेवढ्याने त्यांचं भागेना. माणूस पंचनाम्यातला. "पंच दोन लागतात," असं म्हणून त्यांनी पेला माझ्या भावापुढे केला. "तू सांग रे. तुझ्या तोंडून खोटं निघायचं नाही."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला काही खूण केली नाही. त्याने पेला दोन्ही हातांत धरला. इतका वेळ धरला की मला वाटलं, गेलं सगळं. मग तळाशी होतं ते एका घोटात प्यायला, डोळे गच्च मिटले आणि तोंड आंबट करून म्हणाला, "लई लिंबू हाय, दाजी. दात आंबले."

ह्यांनी वही उघडली, त्या दिवसाची तारीख घातली, 'पूर्वेस लिंबू' असं लिहिलं आणि खाली पंचांसाठी दोन रेघा मारल्या. मी सही केली. मग भावाने पेन घेतलं. सही करताना त्याचा हात कापत होता.

"एका घोटात चढली की काय रे तुला?" असं म्हणून हे मोठ्याने हसले.